कोंडून वाढवलेली राजकन्या अठराव्या वर्षी राणीपदाला तयार कशी झाली?

प्रश्न असा आहे: व्हिक्टोरिया राणीला लहानपणी जवळजवळ कोंडूनच ठेवलं होतं, बरोबरीच्या मुलांत मिसळू देत नसत, असं वाचलं. मग हीच मुलगी अठराव्या वर्षी, राज्यावर आली त्याच दिवशी, मंत्र्यांसमोर न अडखळता उभी कशी राहिली? हे त्या शिस्तीमुळे झालं, की ती शिस्त असूनही झालं?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा इतिहास मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवला. व्हिक्टोरियाच्या रोजनिशीचे सुरुवातीचे भाग विद्यार्थ्यांना समोर बसवून ओळ न् ओळ वाचून घेतले आहेत. त्यावरून सांगते. तिला मिळालेलं शिक्षण आणि तिच्याभोवतीचा बंदोबस्त या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात. दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी चालू होत्या, म्हणून लोक त्यांना एकच समजतात आणि मग ‘कडक शिस्तीत वाढली म्हणून खंबीर झाली’ असा निष्कर्ष काढतात. शिक्षण खरोखर चांगलं होतं. बंदोबस्त मात्र तिच्या भल्यासाठी नव्हता. तो आखणाऱ्याला ती दुबळी, परावलंबी हवी होती, आणि झालं ते नेमकं उलट.

ही मुलगी एवढी मोलाची का होती, ते थोडक्यात. राजा तिसरा जॉर्ज याला मुलं पुष्कळ, पण औरस नातवंड एकच, शार्लट. ती नोव्हेंबर १८१७ मध्ये बाळंतपणात गेली आणि तिचं मूलही मृत जन्मलं. पुढच्या पिढीत गादीला वारसच उरला नाही, तेव्हा पन्नाशीला आलेल्या राजपुत्रांची लग्नं घाईघाईने उरकली. चौथा मुलगा एडवर्ड, म्हणजे ड्यूक ऑफ केंट, याने १८१८ साली जर्मनीतल्या लायनिंगेन घराण्याच्या विधवेशी लग्न केलं. कोबर्गच्या या राजकन्येला पहिल्या लग्नाची दोन मुलं होती, कार्ल आणि फिओडोरा. मूल इंग्लंडच्या भूमीवरच जन्मायला हवं, म्हणून ड्यूकने दिवस भरत आलेल्या बायकोला घोडागाडीतून जर्मनीहून आणलं. २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात मुलगी झाली. सोबत आलेल्या सीबोल्ड या शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते बाळंतपण केलं आणि तीनच महिन्यांनी कोबर्गजवळ आणखी एक केलं. तो मुलगा म्हणजे आल्बर्ट, व्हिक्टोरियाचा पुढचा नवरा.

बारशालाच भांडण झालं. थोरल्या काकाने, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या प्रिन्स रीजंटने, आईवडिलांनी सुचवलेली एकेक नावं खोडून काढली. शेवटी रशियाच्या झारच्या नावावरून अलेक्झांड्रिना आणि आईच्या नावावरून व्हिक्टोरिया ठेवलं. घरात सुरुवातीला तिला ‘ड्रिना’च म्हणत.

ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. खर्च वाचावा आणि समुद्राची हवा मिळावी म्हणून हे कुटुंब डेव्हनमधल्या सिडमथला राहायला गेलं होतं. तिथे थंडी बाधून न्यूमोनिया झाला आणि २३ जानेवारी १८२० रोजी ड्यूक वारला. सहाच दिवसांनी म्हातारा राजाही गेला. मागे उरली तेहतीस वर्षांची, जेमतेम इंग्रजी बोलणारी, दुसऱ्यांदा विधवा झालेली बाई, नवऱ्याचं कर्ज, आणि ती डोळ्यांसमोर नको असं ज्याला वाटे तो मोठा दीर, जो आता चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला होता. पाठीशी उभा राहिला तो तिचा भाऊ लिओपोल्ड, बाळंतपणात गेलेल्या शार्लटचा नवरा. त्याच्या मदतीवर घर चाललं. आणि घरात हाताशी होता नवऱ्याच्या पदरचा एक लष्करी अधिकारी, जॉन कॉनरॉय.

पुढचं सगळं समजायचं तर कॉनरॉयचा हिशोब समजला पाहिजे. १८२७ साली तिसऱ्या जॉर्जचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, निपुत्रिक वारला. त्यानंतरच्या विल्यमच्या मुली तान्हेपणीच गेल्या होत्या. राजा चौथा जॉर्ज आणि विल्यम ही दोन वयस्कर माणसं दूर झाली की गादी व्हिक्टोरियाची. ती अठरा वर्षांची व्हायच्या आत तसं घडलं, तर आई राजप्रतिनिधी होणार आणि आईचा सगळा कारभार कॉनरॉयच्या हातात. अठरानंतर घडलं, तर मुलगी स्वतः राणी. त्या दिवशीही तिने प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याच तोंडाकडे पाहावं, अशी तयारी आधीपासून करायला हवी होती. या तयारीलाच पुढे ‘केन्सिंग्टन पद्धत’ हे नाव पडलं.

पद्धत म्हणजे काय, तर व्हिक्टोरियाने एकटं असायचं नाही. रात्री झोपायचं आईच्या खोलीत, आणि आई झोपायला येईपर्यंत गव्हर्नेसने, म्हणजे घरातच राहून मुलीला सांभाळणाऱ्या शिक्षिकेने, जवळ बसायचं. जिना उतरताना कुणाचा तरी हात धरायचा, आणि हा नियम लहानपणापुरता नव्हता, ती राज्यावर येईपर्यंत चालू होता. कुणाला भेटायचं तर तिसरं माणूस खोलीत हवंच. दरबारात जाणं कमीत कमी. विल्यम राजाची बायको ॲडलेड ही स्वतःची मुलं गमावलेली बाई, या पुतणीवर जीव लावून होती, पण त्या दोघींची नीट भेटही होऊ दिली जात नव्हती. १८३१ साली विल्यमचा राज्याभिषेक झाला, तेव्हा गादीच्या वारसदार मुलीला आईने जाऊ दिलं नाही. बरोबरीचं म्हणून घरात वावरायची ती कॉनरॉयची मुलगी व्हिक्टॉयर, आणि तिच्याशी व्हिक्टोरियाचं कधी जमलं नाही.

सावत्र बहीण फिओडोरा तिच्याहून साडेअकरा वर्षांनी मोठी. दोघींची फार माया. पण १८२८ साली फिओडोराचं लग्न झालं आणि ती जर्मनीला गेली. पुढे कित्येक वर्षांनी तिने व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. लग्नामुळे माझी त्या तुरुंगातून काही वर्षं आधी सुटका झाली, तुला मात्र माझ्यामागे तो भोगावा लागला, असा त्यातला मजकूर आहे. ‘कैद’ हा शब्द नंतरच्या चरित्रकारांनी अतिशयोक्तीने वापरला असं कुणी म्हणालं, तर हे पत्र लक्षात ठेवा. तो शब्द त्या घरात वाढलेल्या मुलीचाच आहे.

आता शिक्षण. इथे माझं मत बऱ्याच लोकप्रिय चरित्रांपेक्षा वेगळं आहे. व्हिक्टोरियाला काही येत नव्हतं, तिला नुसत्या भरतकाम आणि नाचगाण्यावर वाढवलं, असा समज आहे, तो चुकीचा आहे. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा रेव्हरंड जॉर्ज डेव्हिस नावाचे पाद्री तिला अक्षरओळख करून द्यायला यायला लागले, आणि पुढे तेच मुख्य शिक्षक झाले. धर्म आणि इतिहास त्यांच्याकडे. लेखन आणि गणिताला थॉमस स्टुअर्ड, जर्मनला बारेझ, फ्रेंचला ग्रांदिनो, चित्रकलेला रॉयल अकॅडमीचे रिचर्ड वेस्टॉल, नाचाला मादाम बुर्दां. सकाळी साडेनऊच्या सुमाराला अभ्यास सुरू, मध्ये बाहेर फिरणं आणि जेवण, दुपारी पुन्हा धडे. आई जर्मन म्हणून मुलगी जर्मनमध्ये वाढली असेल असं वाटतं, पण तिला वाढवलं इंग्रजीतच. जर्मन ती शिक्षकाकडून शिकली.

गणित तिला बरं जमायचं, चित्रकला उत्तम, आणि गाण्याचं तर वेड होतं. इटालियन ऑपेराला नेलं की घरी येऊन ती रोजनिशीत पानंच्या पानं लिही: कोण कसं गायलं, कुणाचा पोशाख कसा होता. ऑपेरातला प्रसिद्ध खर्जातला गायक लाब्लाश हा १८३६ पासून तिला गाणं शिकवायला येऊ लागला. गुरू म्हणून तिने त्याच्याइतकं आपलं कुणालाच मानलं नसावं असं तिच्या नोंदी वाचताना जाणवतं.

मार्च १८३० मध्ये आईने लंडन आणि लिंकनच्या बिशपांना बोलावून मुलीची परीक्षा घ्यायला लावली. धर्मग्रंथ, इंग्लंडचा इतिहास, भूगोल, अंकगणित, लॅटिन व्याकरण असं सगळं विचारून ते समाधानी होऊन गेले. दहा वर्षांच्या मुलीसाठी हे सोपं नव्हतं. आईला यातून मुलीची हुशारी दाखवायची होतीच, पण संगोपनाची सूत्रं आपल्याच हाती ठेवण्याला चर्चची मान्यताही मिळवायची होती.

त्याच महिन्यातला एक प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. गव्हर्नेस लेहझेनने इतिहासाच्या पुस्तकात राजघराण्याची वंशावळ ठेवून दिली. मुलीने ती पाहिली, आपण गादीच्या किती जवळ आहोत ते तिला कळलं, आणि ती म्हणाली, ‘मी चांगली वागेन.’ पुतळ्यांच्या चौथऱ्यावर शोभावं असं हे वाक्य. पण त्याचा उगम बघा. लेहझेनने ही हकिकत १८६७ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी, पत्रात लिहून कळवली. म्हाताऱ्या शिक्षिकेच्या आठवणीत लाडक्या विद्यार्थिनीचं वाक्य घोटीव झालेलं असू शकतं. त्या पत्रावर राणीने स्वतःच्या हाताने शेरा मारला आहे, की हे समजल्यावर मी खूप रडले होते. वर्गात मी नेहमी सांगायचे, की त्या सुबक वाक्यापेक्षा हा शेरा धरून ठेवा. दहा वर्षांच्या पोरीला आपल्या डोक्यावर काय येणार आहे ते कळतं आणि ती रडते, हे मला जास्त खरं वाटतं.

लेहझेनबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तीच आहे. लुइझ लेहझेन ही हॅनोव्हरकडच्या एका लूथरन पाद्र्याची मुलगी. १८१९ साली फिओडोराची गव्हर्नेस म्हणून आली आणि १८२४ पासून पाच वर्षांच्या व्हिक्टोरियाला सांभाळू लागली. शिस्तीची कडक, पण एकदा चुकलं ते कबूल केलं की विषय संपवणारी. जेवणात प्रत्येक पदार्थावर शहाजिरं टाकून घ्यायची तिला सवय होती आणि त्यावरून दरबारी लोक तिची थट्टा करत. कॉनरॉयला ती सुरुवातीला सोयीची वाटली असणार: परदेशी, इंग्लंडात नात्यागोत्याचं कुणी नाही, म्हणजे सांगू ते ऐकेल. त्याचा अंदाज सपशेल चुकला. लेहझेनने आपली निष्ठा कॉनरॉयला दिली नाही आणि डचेसलाही, म्हणजे व्हिक्टोरियाच्या आईलाही, दिली नाही, ती त्या मुलीला दिली. १८२७ साली तिला हॅनोव्हरची बॅरनेस केलं गेलं होतं, त्यामुळे तिला हलवणं सोपं राहिलं नाही. डचेसच्या जुन्या सखीची, बॅरनेस श्पेटची, मात्र घरातून उचलबांगडी झाली. लेहझेनने त्यातून योग्य तो धडा घेतला आणि ती तोंड बंद ठेवून राहिली.

दोघींचा एक लांबलचक उद्योग होता बाहुल्यांचा. तीन ते नऊ इंच उंचीच्या, सांधे हलणाऱ्या साध्या लाकडी बाहुल्या, एकूण १३२. ऑपेरा आणि बॅलेतली पात्रं, दरबारातल्या बायका, असं एकेकीला नाव. एका वहीत यादी: ही बाहुली कोण, तिचे कपडे कुणी शिवले. त्यातल्या ३२ व्हिक्टोरियाने एकटीने सजवल्या, बाकीच्यांवर लेहझेनचा हात. त्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. चेहरे ओबडधोबड, पण कपडे पाहिले की थक्क व्हायला होतं: बोटभर बाहुलीच्या झग्याला झालर, खिसा, आणि हातरुमालावर रंगीत दोऱ्याने घातलेली आद्याक्षरं. चौदाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत हा खेळ चालला. ज्या मुलीला खऱ्या माणसांत जायची मुभा नाही, तिने तीन-चार इंचांचा एक अख्खा दरबार उभा केला होता, आणि त्या दरबारात कोण कुठे बसणार ते तीच ठरवत होती.

राहणी साधी. राणीने पुढे १८७२ साली आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या. आपलं पालनपोषण अगदी साधेपणाने झालं आणि जवळजवळ मोठी होईपर्यंत आपल्याला स्वतंत्र खोली नव्हती, असं ती त्यात सांगते. साधेपणाबद्दल तिची तक्रार नाही. साधं जेवण, वेळेवर झोप, मोकळ्या हवेत फिरणं हे तिच्या अंगी कायमचं मुरलं. मामाच्या क्लेअरमाँटच्या घरी काढलेले दिवस सगळ्यांत आनंदाचे, असंही ती लिहिते. १८३१ साली मामा लिओपोल्ड बेल्जियमचा राजा होऊन निघून गेला आणि घरातला वडीलधारा पुरुष म्हणून कॉनरॉयच उरला.

आता रोजनिशी. १८३२ च्या उन्हाळ्यात, वेल्सच्या प्रवासाला निघताना, आईने तिला वही दिली. तेरा वर्षांची होती. त्या दिवसापासून मृत्यूच्या आधी काही दिवसांपर्यंत, जवळजवळ सत्तर वर्षं, ती लिहीत राहिली. पण सुरुवातीची पानं वाचताना एक गोष्ट विसरायची नाही: ही वही आई वाचत असे, लेहझेन वाचत असे. त्यामुळे किती वाजता उठलो, किती वाजता गाडी निघाली, जेवायला कोण होतं, असं सगळं शिस्तीत येतं. मनातलं क्वचित. विद्यार्थी कंटाळायचे. तेव्हा मी त्यांना सांगायचे, की ती कशाबद्दल लिहिताना फुलते आणि कशाबद्दल नुसतं नाव नोंदवून पुढे जाते, याची खूण करत जा. ऑपेरा, घोडा, लेहझेन, आणि डॅश नावाचा कुत्रा आला की लेखणी मोकळी होते. डॅश खरं तर कॉनरॉयने डचेसला भेट दिलेला, पण काही महिन्यांतच तो मुलीचा झाला. त्याला लाल कोट आणि निळी विजार घातल्याची नोंद एप्रिल १८३३ मध्ये आहे.

आणि मध्येच एखादी नोंद अशी येते की वाचणारा थांबतो. पहिल्याच प्रवासात गाडी बर्मिंगहॅमच्या पुढे कोळशाच्या खाणींच्या मुलुखातून गेली. तिने लिहिलं, की इथली माणसं, बायका, मुलं, घरं, जमीन सगळं काळं आहे. गवत जळून करपलेलं, जिकडे तिकडे धूर, पेटलेले कोळशाचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये मोडक्या झोपड्या आणि फाटक्या कपड्यांतली पोरं. तेरा वर्षांच्या, वाड्याबाहेर फारशी न पडलेल्या मुलीने चालत्या गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं हे आहे. तिला नजर होती. पुढे १८३६ च्या नाताळात क्लेअरमाँटजवळ कूपर नावाच्या जिप्सी कुटुंबाने तळ टाकला होता. त्यांच्यात एक बाई बाळंत झाली, तेव्हा त्यांना घरून सूप आणि पांघरुणं पाठवली गेली. त्या दिवसांत तिने त्या लोकांबद्दल पानं भरून लिहिलं, त्यांची चित्रं काढली. त्या माणसांना लोक चोर म्हणून हाकलतात, याचं तिला वाईट वाटलं होतं.

आईने आणि कॉनरॉयने असे प्रवास अनेक काढले. गावोगावी स्वागत, तोफांच्या सलाम्या, भाषणं. विल्यम राजाला ते आवडत नव्हतं, कारण त्याच्या हयातीतच पुढच्या गादीची मिरवणूक चालल्यासारखं ते दिसत होतं. मुलगी थकून जायची, पाठ-डोकं दुखायचं. पण तिला स्वतःचा देश दिसला, हेही खरं. कॉनरॉयच्या डोक्यात काहीही असो, याचा फायदा तिला झाला.

१८३५ चा शरद ऋतू हा माझ्या मते तिच्या घडणीतला सगळ्यांत महत्त्वाचा काळ. रॅम्सगेटला समुद्रकाठी ती फार आजारी पडली. तापाने अंथरुणाला खिळली, केस गळायला लागले. सोळा वर्षांची होती. तशा अवस्थेत आई आणि कॉनरॉय यांनी तिच्याकडून वचन घ्यायचा प्रयत्न केला, की राणी झाल्यावर खासगी चिटणीस म्हणून कॉनरॉयलाच नेमीन. तिने नकार दिला. लेहझेन तिच्या बाजूने उभी होती.

आता यात रोजनिशी काय सांगते? त्या काळात काही आठवडे नोंदीच नाहीत. पुन्हा लिहायला लागली तेव्हा ‘लाडक्या लेहझेन’ने केलेल्या शुश्रूषेबद्दल भरभरून लिहिलं, पण त्या वचनाबद्दल एक अक्षर नाही. ते उघड झालं १८३८ साली, राणी झाल्यावर, पंतप्रधान मेलबर्न यांच्याशी झालेल्या बोलण्याच्या नोंदीत. मी आजारी असूनही विरोध केला, असं तिथे ती लिहिते. म्हणजे तिने ही गोष्ट दोन वर्षांहून जास्त काळ मनात ठेवली. वही आई वाचते हे तिला पक्कं माहीत होतं. मनात एक ठेवून चेहऱ्यावर काही न दिसू देण्याची सवय तिला कुण्या शिक्षकाने लावली नव्हती. ती सवय त्या बंदोबस्तातच लागली.

पुढची दोन वर्षं घर म्हणजे आखाडा झालं. ऑगस्ट १८३६ मध्ये विंडसरला आपल्या वाढदिवसाच्या जेवणात विल्यम राजाने सगळ्या पाहुण्यांसमोर डचेसचा पाणउतारा केला: आणखी नऊ महिने जगलो म्हणजे झालं, या मुलीला वय पूर्ण होईल आणि शेजारी बसलेल्या या बाईच्या हाती राज्य जाणार नाही. व्हिक्टोरियाला रडू फुटलं. मे १८३७ मध्ये तिला अठरावं पूर्ण झालं. राजाने तिला वर्षाला १०,००० पौंडांची स्वतंत्र तैनात देऊ केली. आई आणि कॉनरॉय यांनी तिच्या नावाने उत्तराचं पत्र तयार करून तिची सही घेतली. राजाने पत्र पाहताच ओळखलं, की हे त्या मुलीने लिहिलेलं नाही. आणि तिने काय केलं, तर जूनमध्ये लेहझेनजवळ एक टिपण लिहवून ठेवलं, की ते पत्र माझं नव्हे. अठरा वर्षांच्या मुलीने पुरावा करून ठेवला. वाद घातला नाही, आदळआपट केली नाही, कागद तयार ठेवला.

२० जून १८३७ च्या पहाटे विंडसरला विल्यम वारला. कँटरबरीचे आर्चबिशप आणि राजवाड्याचा कारभार पाहणारे लॉर्ड चेंबरलेन गाडीने केन्सिंग्टनला आले. सहा वाजता आईने तिला उठवलं. अंगावरच्या झग्यातच ती खाली गेली आणि आईला बाहेर ठेवून त्या दोघांना एकटी भेटली. नऊला मेलबर्न आले, त्यांनाही तिने एकटीने भेट दिली आणि रोजनिशीत लिहिलं, की माझ्या मंत्र्यांना मी नेहमी अशीच भेटेन. अकराला प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, बैठक झाली. जेमतेम पाच फूट उंचीची मुलगी, काळ्या सुतकी पोशाखात, दोन म्हाताऱ्या काकांच्या आणि देशातल्या मातब्बर पुढाऱ्यांच्या समोर बसून स्पष्ट आवाजात आपलं निवेदन वाचते. (डेव्हिड विल्की यांच्या प्रसिद्ध चित्रात ती पांढऱ्या कपड्यांत दिसते. तो चित्रकाराचा निर्णय, प्रत्यक्षात पोशाख काळा होता.) त्याच दिवशी तिचा पलंग आईच्या खोलीतून हलवला. कॉनरॉयने मोबदला म्हणून मोठी यादी पुढे केली. त्याला पेन्शन आणि बॅरोनेट ही पदवी मिळाली, पण राणीच्या कामकाजात शिरकाव मिळाला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे सरळ येते. त्या सकाळी ती अडखळली नाही याचं श्रेय मी डेव्हिस यांच्या धड्यांना देते, स्पष्ट वाचायची सवय लावणाऱ्यांना देते, मामाच्या पत्रांना देते. पत्रातून तो तिला राज्यकारभाराचं वळण लावत होता, आणि काहीही ठरवायची घाई करू नकोस असं सांगत होता. लेहझेनला देते, कारण सगळे जवळचे लोक काही ना काही मिळवायला टपलेले असताना एक माणूस तसं नव्हतं, आणि लहान मुलाला तेवढं एक माणूस पुरतं. बंदोबस्ताला श्रेय देत नाही. त्याने तिला गप्प राहायला शिकवलं, हे मान्य. पण त्याची किंमत तिने आणि इतरांनी नंतर मोजली.

१८३९ साली आईची सखी लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज हिचं पोट वाढलेलं दिसलं. लेडी फ्लोरा कॉनरॉयच्या गटातली, म्हणून राणीने आणि लेहझेनने बेधडक वाईट संशय घेतला. त्या अविवाहित बाईला वैद्यकीय तपासणीला सामोरं जावं लागलं. ती निर्दोष ठरली, आणि जुलैमध्ये यकृताच्या गाठीने वारली. लोकांनी राणीची छी-थू केली, आणि ती योग्यच होती. माणूस आपल्या बाजूचं की कॉनरॉयच्या, एवढ्याच मापाने सगळ्यांना मोजायची सवय त्या घराने तिला लावली होती. वीस वर्षांच्या राणीच्या हातात सत्ता आल्यावर तीच सवय एका आजारी बाईच्या अंगावर आली.

आईशी बोलणं कित्येक महिने चिठ्ठ्यांतून चाले, दोघी एकाच राजवाड्यात राहत असूनही. पुढे आल्बर्टने समेट घडवला. त्याच आल्बर्टच्या आग्रहाने १८४२ साली लेहझेनला जर्मनीला परत जावं लागलं, आणि हे मला नेहमी क्लेशदायक वाटत आलं आहे. मार्च १८६१ मध्ये डचेस वारली. तिचे कागद चाळताना राणीला कळलं, की आईने तिच्या बालपणाचा एकेक चिठोरा जपून ठेवला होता. त्या दुःखातून ती बरेच दिवस सावरली नाही. डचेसला खलनायिका ठरवणं सोपं आहे. मला ती परक्या देशात एकटी पडलेली, पैशाची विवंचना असलेली आणि चुकीच्या माणसावर विसंबलेली बाई दिसते. मुलीवर तिचं प्रेम होतं. ते प्रेम कॉनरॉयच्या हिशोबाला जुंपलं गेलं.

शिक्षणाचा परिणाम किती लांबवर गेला ते सांगते. १८८७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, राणीने अब्दुल करीम या हिंदुस्थानी मुनशीकडून हिंदुस्थानी शिकायला सुरुवात केली आणि वह्यांमध्ये रोज धडे गिरवले. आपल्याकडे राणीछाप रुपयामुळे तिचा मुकुट घातलेला, भारदस्त चेहरा माहीत आहे. १८४० च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयावर मात्र तीच विशीतली, मुकुट नसलेली मुलगी आहे. मिळाला तर तो जरूर पाहा.

वाचायचं असेल तर असं करा. राणीच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी बिॲट्रिस हिने रोजनिशीची गाळीव प्रत उतरवली आणि मूळ वह्या नष्ट केल्या. पण १८३२ ते १८३६ च्या राणीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या वह्या शिल्लक राहिल्या आहेत, आणि लग्नापर्यंतच्या काळाची न गाळलेली टंकलिखित प्रत लॉर्ड ईशर यांनी करून घेतली होती. त्यांनी १९१२ साली या वर्षांचे निवडक उतारे दोन खंडांत छापले. तिथून सुरुवात करा. आधी ऑगस्ट १८३२ चा वेल्सचा प्रवास वाचा, मग १८३५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि लगेच १८३८ मधली मेलबर्नबरोबरची संभाषणं. मधली वर्षं नंतर वाचलीत तरी चालेल.